व्हिडिओ कॉलमुळे कामासाठीचा प्रवास संपेल का?

बैठका आता व्हिडिओ कॉलवर होतात, तर कामासाठी गावोगाव फिरणे संपेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नाही असे आहे. मी जळगाव जिल्ह्यातील सावद्याला राहून गेली तीस वर्षे केळीची खरेदी करतो आणि फोन आल्यापासून माझे फिरणे उलट वाढले आहे.

पूर्वी दिल्लीचा भाव कळावा म्हणून रात्री फोनचे दर उतरेपर्यंत एसटीडी बूथवर ताटकळावे लागे, आणि बागा पाहायच्या त्या चिनावल, फैजपूर अशा जवळपासच्याच. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले, हळूहळू शेतकऱ्यांच्या खिशात मोबाइल आले आणि चोपड्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतच्या बागांचे निरोप येऊ लागले. निरोप आला की जावेच लागते.

माझ्या पुतण्याला हे पटत नाही. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात त्याने चोपडा तालुक्यातील एक नवती (नव्या लागवडीची) बाग व्हिडिओ कॉलवर पाहून सौदा ठरवला आणि "आबा, एवढ्या उन्हात कशाला जाता?" असे म्हणून गाडीची किल्लीही स्वतःजवळ ठेवली. मोबाइलवर दिसलेले घड खरोखरच भरदार होते, फक्त ते बांधालगतच्या ओळींतले होते. आतल्या ओळींत केळाच्या कडा अजून बोटाला लागत होत्या, म्हणजे भरणी झालेली नव्हती. ट्रक दिल्लीत उतरल्यावर आडत्याने निम्मा माल कोवळा ठरवला आणि पैसे कापलेली पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली. ती मात्र अगदी स्पष्ट दिसत होती.

ज्यांचे काम कागदावरचे आहे त्यांनी खुशाल घरून करावे; २०२० च्या टाळेबंदीत ते जमते हे दिसले आहे आणि तरीही त्यांना रोज कचेरीत बोलावणे हा निव्वळ साहेबांचा हट्ट आहे. ज्याचा संबंध मालाशी आहे त्याने मात्र मालापर्यंत गेले पाहिजे.

फोनने माझे काहीच वाचवले नाही, असेही नाही. थकलेल्या पैशांच्या तगाद्यासाठी भुसावळहून गाडी धरून दिल्लीत चार-चार दिवस बसून राहणे आता बंद झाले आहे, आणि बऱ्हाणपूरचा भाव घरबसल्या कळतो.

पुतण्या अजूनही म्हणतो की दोष व्हिडिओचा नव्हता, चित्रीकरण करणाऱ्याला आतल्या ओळींत जायला सांगायला हवे होते. आतल्या ओळींत कोणीतरी जायला हवे होते, हेच तर मी तेव्हापासून सांगतो आहे.