ब्लॅक बेल्टसाठी दोन वर्षे थांबावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला आधी घरभेटींचे आणि पुढे संघर्षग्रस्त भागांतील मदतकार्याचे काम करायचे आहे, आणि त्याआधी दोन वर्षे थांबून तिने कराटेचा ब्लॅक बेल्ट मिळवावा असा आपला आग्रह आहे, असे आपण लिहिले आहे. आपली काळजी अनाठायी नाही. परंतु आपण सुचवलेला उपाय मला पटत नाही, आणि त्यासाठी दोन वर्षे थांबणे तर मुळीच पटत नाही.

कराटे तिने आवडीने जरूर शिकावे. त्याने अंगात चपळाई येते आणि चारचौघांत ठामपणे उभे राहता येते. मात्र सरावाच्या जागी समोर एकच प्रतिस्पर्धी असतो, त्याचे हात रिकामे असतात आणि लढत थांबवायला पंच असतो; अनोळखी घराच्या दारापलीकडे किती माणसे आहेत, हे मात्र दार उघडेपर्यंत कळत नाही. म्हणूनच अशा कामांतील स्वसंरक्षणाचा मोठा भाग ऑफिसातून निघण्यापूर्वीच पार पडलेला असावा लागतो.

लंडनमध्ये २८ जुलै १९८६ रोजी सुझी लॅम्प्लू ही २५ वर्षांची तरुणी एका ग्राहकाला घर दाखवायला ऑफिसातून बाहेर पडली आणि परत आलीच नाही. डायरीत तिने त्या ग्राहकाची नोंद ‘मिस्टर किपर’ अशी केली होती. १९९३ मध्ये तिला कायद्याने मृत घोषित करण्यात आले. तिच्या आईवडिलांनी उभा केलेला न्यास एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आजही काम करतो. घरे दाखवण्याचे काम कोणाच्याही जोखमीच्या यादीत बसले नसते, म्हणून हे उदाहरण मी पालकांना आवर्जून सांगतो. कोठे, कोणाकडे आणि किती वाजेपर्यंत जायचे, परतल्यावर कोणाला कळवायचे, ठरलेली वेळ उलटल्यावर किती मिनिटांनी कोणी फोन करायचा, आणि मोकळेपणाने बोलता येत नसेल तर संकट सुचवणारे कोणते साधे वाक्य उच्चारायचे, हे सारे आधी ठरलेले असावे. ऐकायला हे कारकुनी वाटते, हे मला मान्य आहे.

प्रत्यक्ष प्रसंगात उपयोगी पडणारी कौशल्ये मोजकीच आहेत. आवाज चढलेल्या माणसापासून अंतर राखणे, त्याची वाट न अडवता आपला बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, तळहात उघडे ठेवून हळू बोलणे, आणि बॅग किंवा फोन मागितला तर तो देऊन टाकणे. कोणी मनगट धरले तर पकड अंगठ्याच्या बाजूने सर्वांत कच्ची असते, हे कळल्यावर त्या बाजूने हात सोडवण्याचा सराव थोड्या दिवसांत होऊ शकतो. मात्र हात सुटताच पळायचे असते. तेथे थांबून धडा शिकवायला जाणे ही चूक असते.

डोळ्यांत मारायचा मिरचीचा स्प्रे किंवा चाकू जवळ ठेवावा का, असेही आपण विचारले आहे. स्प्रेविषयीचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, शिवाय बंद खोलीत किंवा उलट्या वाऱ्यात तो आपल्याच डोळ्यांत जातो. युद्धग्रस्त भागात तर शस्त्र बाळगूच नये. मदतकार्य करणाऱ्याला जे संरक्षण मिळते ते तो निःशस्त्र नागरिक असल्यामुळे मिळते, आणि शस्त्र दिसताच त्याविषयी संशय निर्माण होतो.

या वर्षी तिला एकच गोष्ट शिकायची असेल तर ती प्रथमोपचार असावी, विशेषतः रक्तस्राव थांबवणे. छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन २० एप्रिल २०११ रोजी लिबियातील मिसराता येथे जखमी झाले आणि अतिरक्तस्रावाने दगावले. त्यानंतर त्यांचे सहकारी सेबॅस्टियन युंगर यांनी मुक्त पत्रकारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था सुरू केली. जखमेवर घट्ट दाब देणे आणि हातापायाला रक्तबंध (रक्त थांबवणारा पट्टा) आवळणे हे काही दिवसांत शिकता येते, आणि त्याचा उपयोग सहकाऱ्यालाही होतो.

संघर्षग्रस्त भागात पाठवण्यापूर्वी चांगल्या संस्था स्वतःच्या खर्चाने काही दिवसांचे प्रशिक्षण देतात. त्यात तपासणी नाके ओलांडणे, गोळीबारात आडोसा घेणे आणि अपहरण झाल्यास कसे वागावे यांचा सराव करून घेतला जातो. हा खर्च उमेदवाराने करावा असे म्हणणाऱ्या संस्थेबद्दल मी साशंक असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कामानिमित्तच्या प्रवासातील हिंसाही आपल्या कक्षेत घेतो, आणि हिंसेमुळे जिवाला तातडीचा गंभीर धोका असल्याचे रास्त कारण दिसल्यास कर्मचाऱ्याला त्या कामातून बाजूला होण्याचा हक्क असावा, त्याबद्दल त्याच्यावर सूड उगवला जाऊ नये, असे सांगतो. ज्या देशांनी त्याला मान्यता दिली आहे, त्यांना हे बंधनकारक आहे.

म्हणून मुलाखतीत तिने दोन प्रश्न विचारावेत: ठरलेल्या वेळेत मी परतले नाही तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येईल, आणि एखाद्या घरात शिरणे मला धोक्याचे वाटले व मी परत फिरले तर त्याची नोंद कशी होईल? पहिल्या प्रश्नाला एखाद्या व्यक्तीचे नाव किंवा पद हे उत्तर मिळाले पाहिजे. ‘आमच्याकडे आजवर असे काही झालेले नाही’ असे ऐकायला मिळाले, तर तिने दुसरीकडे अर्ज करावा.