मोहिमेचा नकाशा आखताना

अंतराळ-ताफ्यांच्या युद्धखेळात एकमेकींना जोडलेल्या लढायांची मोहीम पहिल्यांदाच आखत असशील, तर षटकोनी घरांचा अफाट नकाशा घेऊ नकोस. ताफे एकमेकांना चुकवत फिरतात आणि लढाया होतच नाहीत. तारे म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे ठरावीक मार्ग, एवढंच काढ. चार खेळाडूंना १६ ते २० तारे पुरतात. प्रत्येक ताऱ्याला दोन ते चार मार्ग ठेव. सगळीकडे पाच-सहा असले की नाकेबंदीला अर्थ उरत नाही.

ताफ्यांच्या हालचालींचे हुकूम सगळ्यांनी लिहून एकाच वेळी उघडायचे. दोन शत्रू ताफे एकाच मार्गावर समोरासमोर निघाले, तर वाटेत भिडतात की ओलांडून जातात, हे आधीच ठरव; नाहीतर भांडण ठरलेलं. (माझं मत विचारशील तर भिडू देत, लढायांसाठीच तर बसलोय.) माघार फक्त आल्या मार्गाने.

ताफ्याचा वेग सर्वांत मंद जहाजाइतका. तळापासून तीन मार्गांपलीकडे गेलेल्या ताफ्याला दुरुस्ती नाही, नवी क्षेपणास्त्रंही नाहीत. सगळी जहाजं एका गठ्ठ्यात घेऊन थेट राजधानीवर धावणारा गडी एवढ्यानेच आवरतो. जहाजनिहाय इंधनाचा हिशेब मात्र टाळ, चार फेऱ्यांनंतर तो कुणीही ठेवत नाही.