स्टाफचं वाय-फाय चालतं, पण गेस्ट वाय-फायवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येतो. व्हीएलॅनमध्ये काय चुकलंय?

तुम्ही लिहिलंय की एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पसरवणारी पेटी) दोन वाय-फाय आहेत. स्टाफचं नीट चालतं, गेस्टला व्हीएलॅन २० (त्याच वायरिंगवर केलेलं वेगळं नेटवर्क) लावलाय आणि तिथे लॅपटॉपला धड आयपी मिळत नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट रीसेट करूनही फरक पडला नाही म्हणता. आता परत रीसेट करू नका, मला स्विचचा संशय जास्त येतोय.

१६९.२५४ चा पत्ता कोणी दिलेला नसतो. डीएचसीपीकडून, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही की विंडोज तो स्वतःच लावून घेतं. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, लॅपटॉप जोडलाही गेलाय, फक्त त्याची मागणी राउटरपर्यंत पोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही. (अँड्रॉइड फोन बहुधा हा आकडा दाखवतही नाही, आयपी मिळवतोय मिळवतोय म्हणत बसतो.)

नेमकं कुठे अडतंय ते बघायला लॅपटॉपला हातानेच आयपी द्या. राउटरवर व्हीएलॅन २० चा पत्ता १९२.१६८.२०.१ असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.२०.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.० टाका. गेस्ट वाय-फायवरून राउटरला पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येतं का ते पाहा. पिंग लागलं नाही तरी लगेच निष्कर्ष काढू नका, कारण गेस्टकडून येणारं पिंग फायरवॉल बरेचदा अडवतो. त्यापेक्षा लॅपटॉपवरची एआरपीची यादी पाहा; कोणत्या आयपीचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राचा हार्डवेअर क्रमांक) कोणता ते तिथे असतं. तिथे २०.१ समोर मॅक अ‍ॅड्रेस दिसला तर व्हीएलॅनचा रस्ता मोकळा आहे. मग राउटरवर व्हीएलॅन २० साठी डीएचसीपी खरंच चालू आहे का, आणि फायरवॉल यूडीपी ६७ पोर्ट अडवत नाही ना, एवढंच तपासायचं. गेस्टला सगळं बंद करण्याच्या नादात लोक डीएचसीपीही बंद करून टाकतात.

मॅक दिसलाच नाही, तर टॅग, म्हणजे डेटाच्या पाकिटावरचा व्हीएलॅनचा आकडा, वाटेत गळतोय. अ‍ॅक्सेस पॉइंट ज्या पोर्टला आहे तिथे व्हीएलॅन १ (स्टाफचा) अनटॅग्ड, म्हणजे टॅगशिवाय, आणि २० टॅग्ड हवा. तेच राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवरही हवं, आणि हा दुसरा पोर्ट हमखास विसरला जातो. मध्ये आणखी एक स्विच असेल तर त्याचेही दोन्ही पोर्ट आलेच. स्वस्तातल्या स्मार्ट स्विचमध्ये टॅग्ड-अनटॅग्डचं पान वेगळं आणि पीव्हीआयडीचं (टॅग नसलेलं पाकीट कोणत्या व्हीएलॅनमध्ये घालायचं तो आकडा) वेगळं असतं. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोर्टचा पीव्हीआयडी १ च ठेवा. तिथे २० टाकलात तर स्टाफचं चालू असलेलं वाय-फायही बंद पडेल आणि अ‍ॅक्सेस पॉइंट कंट्रोलरमधून (तो सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) गायब होईल.

खात्री करायची असेल तर स्विचचा एखादा रिकामा पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड करा, त्याचा पीव्हीआयडीही २० करा, आणि लॅपटॉप केबलने लावा. हाताने टाकलेला आयपी मात्र आधी काढा. इथे १९२.१६८.२० चा पत्ता आला तर राउटर आणि तिथपर्यंतचा रस्ता निर्दोष. उरला अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट, नाहीतर गेस्ट वाय-फायच्या सेटिंगमधला व्हीएलॅनचा आकडा. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) टॅग शोधत बसू नका. विंडोजवर बरीच नेटवर्क कार्डं टॅग आधीच काढून टाकतात आणि टॅग असूनही तो दिसत नाही.

गेस्टला स्टाफच्याच रेंजचा आयपी येत असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा गेस्ट वाय-फायच्या सेटिंगमध्ये व्हीएलॅनचा रकाना रिकामा राहिलेला असतो. आणि सकाळी चालतं, संध्याकाळी गर्दीत आयपी मिळत नाही असं झालं, तर डीएचसीपीचा पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, संपतोय. गेस्टसाठी लीज, म्हणजे एक पत्ता राखून ठेवायचा काळ, तासा-दोन तासांचा ठेवा.

अ‍ॅक्सेस पॉइंटचा मॅनेजमेंट व्हीएलॅन (ज्यावरून त्याची सेटिंग्ज हाताळली जातात) मात्र एवढ्यात बदलू नका. पुढे बदलायचाच झाला तर तो आधी स्विचवर टॅग्ड करून घ्या, मगच अ‍ॅक्सेस पॉइंटवर टाका. उलट केलंत तर अ‍ॅक्सेस पॉइंट नेटवर्कवरून दिसेनासा होतो आणि छताला शिडी लावून रीसेटचं बटण दाबावं लागतं.