साधा मोबाइल आहे, कॅमेरा इतक्यात घ्यायचा नाही. घरच्या घरी कोणते प्रयोग करून फोटोग्राफी शिकता येईल?

तुम्ही विचारलंय की फोटोग्राफीची आवड आहे, पण हातात फक्त मोबाइल आहे. मग कॅमेरा येईपर्यंत घरी काही करून शिकता येईल का? नक्की येईल. कॅमेरा असता तरी मी तुम्हाला आधी हेच करायला सांगितलं असतं. शिकायचा असतो तो उजेड, आणि तो समजायला एक अंधारी खोली पुरते. म्हणून पहिला प्रयोग हाच करा: खोलीचाच कॅमेरा बनवा.

समोर झाडं किंवा इमारती दिसतात अशी खिडकी असलेली खोली निवडा, शक्यतो लहान. खिडकी जाड पुठ्ठ्याने पूर्ण झाका, कडांना चिकटपट्टी लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल सारा. चार्जरचा बारीक दिवासुद्धा बंद करा, अंधारात तोही डोळ्यांना खुपतो. मग पुठ्ठ्यात साधारण १ सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडा. बाहेर लख्ख ऊन हवं, पण सूर्य घराच्या मागच्या बाजूला असावा. म्हणजे ऊन समोरच्या इमारतींवर पडतं, थेट आत येत नाही.

सुरुवातीला काहीच दिसणार नाही. बहुतेक जण इथेच कंटाळून पुठ्ठा काढतात. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ नुसते बसून राहा. हळूहळू समोरच्या भिंतीवर आकाश खाली आणि जमीन वर असं बाहेरचं सगळं दृश्य रंगांसकट उमटतं. रस्त्यावरची गाडी छताजवळून उलटी सरकत जाते, झाडाची पानं फरशीजवळ हलतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे झाडाच्या शेंड्यापासून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडून निघालेला वर चढतो. इब्न अल-हैथम या विद्वानाने सुमारे हजार वर्षांपूर्वी अशाच अंधाऱ्या जागेत छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग करून ते लिहून ठेवले होते.

आता खरी मजा. त्याच भोकावर अर्धा सेंटिमीटर भोक पाडलेला दुसरा कागद चिकटवा. चित्र एकदम मंद होईल, कारण व्यास निम्मा झाला की आत येणारा उजेड चौथाईवर येतो. पण इमारतीच्या कडा स्पष्ट होतील. उलट भोक २ सेंटिमीटरचं केलंत तर चित्र उजळ होतं पण धूसर होतं. कॅमेऱ्याच्या लेन्समधलं लहान-मोठं होणारं भोक म्हणजे ॲपर्चर. ते काय करतं हे यापुढे कोणी समजावायची गरज पडणार नाही. उजेड हवा की कडा, ही ओढाताण तुम्ही स्वतः भिंतीवर पाहिलेली असेल.

घरात कोणाची जुनी चाळिशी पडून असेल तर पुढची पायरीही करा. अधिक १ नंबरच्या काचेचं नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूचं स्पष्ट चित्र काचेपासून जिथे उमटतं ते अंतर, बरोबर १ मीटर असतं. भोक अडीच-तीन सेंटिमीटर करून त्यावर ती काच बसवा आणि १ मीटरवर पांढरा पुठ्ठा धरा. दूरची इमारत त्यावर लख्ख आणि रेखीव दिसेल. आता एखाद्याला खिडकीबाहेर ३ मीटरवर उभं करा. तो धूसर दिसेल, आणि त्याला स्पष्ट करायला पुठ्ठा दीड मीटरपर्यंत मागे न्यावा लागेल. तेवढ्यात इमारत धूसर झालेली असेल. हा झाला फोकस. मोबाइल हे काम आत कुठेतरी क्षणात उरकतो, म्हणून ते आपल्याला कधी दिसतच नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: काच लावलेलं भोक कधीही सूर्याकडे करू नका आणि त्यातून सूर्याकडे पाहू नका. डोळ्यांना इजा होते, आणि भिंगातून गोळा झालेलं ऊन कागद पेटवतं.

भिंतीवरच्या चित्राचा फोटो हवाच. काच काढा, मोबाइल स्टुलावर नीट टेकवा, प्रो मोडमध्ये (कॅमेरा ॲपमधली सगळं हाताने ठरवायची सोय) आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ४०० च्या आसपास आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १० ते ३० सेकंद ठेवा, टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. चालती माणसं फोटोतून गायब होतील, उभ्या गाड्या राहतील. कॅमेऱ्याने टिपलेलं आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र निएप्स या फ्रेंच संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकीतून घेतलं. त्याला इतके तास लागले की तेवढ्यात सूर्य सरकला आणि इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन उमटलं. मला ते छायाचित्र फार आवडतं. एका चौकटीत किती वेळ मावू शकतो हे त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं.

हे एकदा केलंत की भर दुपारी झाडाखाली पडलेले उन्हाचे ठिपके गोल का असतात, तेही उमगेल. पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असोत, ठिपका गोल, कारण ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके कोरीसारखे होतात. जमिनीवरच्या त्या ठिपक्यांचा फोटो घ्या, त्यासाठी वर बघावंच लागत नाही.

दुसरा प्रयोग रंगांचा आहे. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. त्याच्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी धरा आणि मोबाइलच्या लेन्ससमोर पोलराइज्ड (चकाकी कमी करणाऱ्या) गॉगलची काच. काच हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो आणि पट्टी मात्र इंद्रधनुष्यी रंगांनी पेटते. जवळ जाऊन बघा: पट्टीच्या टोकाला अडकवायचं भोक असतं, त्याभोवती रंगांचे पट्टे दाटीवाटीने जमलेले दिसतील. साच्यात प्लास्टिक थंड होताना तिथे ताण अडकून राहिलेला असतो. पट्टी बोटांनी किंचित वाकवा, पट्टे सरकतात. फोटो अप्रतिम येतात.

माणसांचे फोटो काढायचे असतील तर खोलीतले दिवे बंद करून एक चेंडू खिडकीजवळ ठेवा. अंधाऱ्या बाजूला पांढरा कागद धरा, जवळ आणा, लांब न्या. सावली कशी भरते ते नुसतं बघा. चेहऱ्यालाही तेच लागू पडतं.

लांब शटर ठेवून अंधारात टॉर्चने हवेत रेघा ओढायचा प्रयोग सोपा आहे; जॉर्ज देमेनी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८८९ मध्ये माणसाच्या सांध्यांना बल्ब बांधून चालण्याच्या अशा रेघा टिपल्या होत्या. जवळचे फोटो घ्यायला लेन्ससमोर भिंग चिकटवा, आणि फोकस साधायला मोबाइलच मागे-पुढे करा. पाण्याचा थेंब थेट लेन्सवर ठेवायला बरेच जण सांगतात, तो मी सुचवणार नाही; मोबाइल जायचा.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, आणि वही ठेवा. शटर आणि आयएसओ मोबाइल फोटोसोबत जपून ठेवतो, भोकाचा व्यास आणि भिंतीचं अंतर ठेवत नाही. पुढे कॅमेरा घ्याल तेव्हा शटर, ॲपर्चर आणि फोकस तिन्ही हाताने बदलता येतील एवढंच बघा. त्यासाठी जुना, वापरलेला कॅमेराही उत्तम चालतो.