९८.२ टक्क्यांनंतरचं काम

अनेक आशीर्वाद.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच्या जांभ्या मातीतून काढलेली तुझी जिवाणूंची कॉलनी १६एस जनुकात, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या जनुकात, जवळच्या नातलगाशी ९८.२ टक्केच जुळते, म्हणजे ही नवी प्रजाती, असं तू कळवलंस. मनापासून आनंद झाला. पण पेपर लिहायला बसण्याआधी थोडं ऐक.

आकडा ९८.७ च्या खाली आला की प्रजाती वेगळी असण्याची शक्यता दाट, एवढंच त्यातून कळतं. तुझा सीक्वेन्स, म्हणजे वाचलेला डीएनएचा क्रम, किती लांबीचा आहे ते आधी बघ. हा जनुक साधारण १५०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा. त्यातले काही भाग झपाट्याने बदलतात, काही अगदी सावकाश. त्यामुळे सातशे-आठशे बेसवर काढलेली टक्केवारी मी धरत नाही. मग क्रोमॅटोग्राम, म्हणजे सीक्वेन्सिंग यंत्राने काढलेला आलेख, उघड आणि त्यातली शिखरं स्वतःच्या डोळ्यांनी वाच. एकाच जागी दोन शिखरं एकमेकांवर चढलेली दिसली, तर वाढवलेले जिवाणू मिश्र असल्याचा संशय घे आणि परत स्ट्रीकिंगला, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जिवाणू वेगळे करायला बस. मातीतले जिवाणू एकमेकांच्या चिकट आवरणात अडकून राहतात. प्लेटवर गोल, गुळगुळीत दिसणारी कॉलनीसुद्धा दोघांची निघते. तीन-चार वेळा वेगळी केलेली एकटी कॉलनी घे, भिंगाखाली तिची कड बघ, आणि मगच ग्लिसरॉल स्टॉक कर, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून जपून ठेव. स्टॉक दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेव.

उलटही घडतं. बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस यांचे १६एस जनुक जवळपास सारखे होते, तरी डीएनए जुळवून पाहिल्यावर त्या दोन वेगळ्या प्रजाती ठरल्या. हे १९९२ साली छापून आलंय. म्हणून जिनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचून घे. जवळच्या नातलगाच्या जिनोमशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (अक्षरागणिक जुळणी) ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि संगणकावर काढलेलं डीएनए संकरण (दोन डीएनए एकमेकांशी किती जोडले जातील याचा अंदाज) ७० टक्क्यांच्या खाली आलं, तर तुझं म्हणणं उभं राहतं. जिनोममध्ये दुसऱ्या कुणाचा डीएनए मिसळलेला नाही ना, हेही तपासून घे.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, आणि घाई होते ती इथेच. जवळच्या प्रजातींचे टाइप स्ट्रेन, म्हणजे ज्यांच्यावरून त्या प्रजाती मांडल्या ते मूळ नमुने, मागव आणि ते तुझ्या जिवाणूशेजारी, त्याच मीडियमवर (वाढीच्या अन्नावर), त्याच तापमानाला वाढव. वाटणीच्या वेळी सगळी भावकी समोर बसवावी लागते, तसंच हे. जुन्या पेपरमधला फॅटी ॲसिडचा तक्ता उचलून तुझ्या तक्त्याशेजारी ठेवलास, तर ती तुलनाच नव्हे. तापमान चार-पाच अंशांनी बदललं तरी जिवाणू आपल्या पेशीच्या पटलातली फॅटी ॲसिडं बदलतो. मग तुला दिसलेला फरक प्रजातीचा की इन्क्युबेटरचा, कसं सांगणार?

आता मातीकडे ये. तुझ्या वहीत नुसतं 'पन्हाळा रस्ता' लिहिलंय. त्यावरून ती जागा पुन्हा कुणाला सापडणार नाही. अक्षांश-रेखांश, खोली, सामू (पीएच), तारीख आणि वर काय उगवलं होतं, सगळं लिही. एकाच स्ट्रेनवर प्रजाती मांडता येते, पण त्याच पठारावर आणखी दोन-तीन भाऊबंद सापडले तर मला जास्त भरवसा वाटेल. आपला कोल्हापूर जिल्हा या कामाला फार मोठा आधार आहे. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडे पावसाने धुतलेली आम्लधर्मी माती. पूर्वेला शिरोळकडे पाणी आणि मीठ साठून क्षारपड झालेली उसाची रानं. दोन्हीकडे एकच न्यूट्रिएंट अगर, म्हणजे प्रयोगशाळेतलं नेहमीचं भरपूर अन्नाचं मीडियम, ओतू नकोस. जांभ्यासाठी पातळ, कमी अन्नाचं, सामू ५.५ च्या आसपासचं मीडियम कर. क्षारपड रानासाठी मीठ घाल. फॉस्फेट आणि अगर वेगवेगळं ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक कर. एकत्र तापवलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि नाजूक जिवाणू वाढतच नाहीत. प्लेटा आठवड्यात फेकू नकोस. टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलन्या तिसऱ्या आठवड्यातही डोकं वर काढतात, आणि अनोळखी मंडळी बहुतेक तिथेच असतात.

नाव शेवटी ठेव. त्याआधी तुझा टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणू-संचयांत जमा व्हायला हवा, तोही मागेल त्याला मिळेल असा. आपल्याकडे पुण्याचं एमसीसी आणि चंदीगडचं एमटीसीसी हे असे संचय आहेत. परदेशी पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो, तेव्हा राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीची चौकशी आत्ताच सुरू कर. पेपर तयार आणि परवानगी नाही, या कोंडीत चांगलं काम अडकून पडलेलं मी पाहिलंय.

तूर्त क्रोमॅटोग्रामच्या फायली आणि तिसऱ्या स्ट्रीकिंगच्या प्लेटचा फोटो पाठव. पठारावर पुन्हा जाणार असशील तर वळवाच्या आधी जा. पावसानंतरचा नमुना त्याच खड्ड्याशेजारून घेता येईल.

तुझे सर