कम्युनिटी कॉलेजचे सगळे क्रेडिट यूसीमध्ये धरले जातात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या कॉलेजात) पहिल्या वर्षाला आहे, पुढे कॉम्प्युटर सायन्ससाठी यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) जायचंय, आणि तिचे सगळे कोर्स ‘ट्रान्सफरेबल’ (पुढच्या विद्यापीठात चालणारे) आहेत म्हटल्यावर सगळे क्रेडिट धरले जाणारच ना? धरले जातील. पण नुसते धरले जाऊन भागत नाही. ते कशात धरले जातात हे पाहावं लागतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

मी लग्नानंतर एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) इथे आले, बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजातून स्टेट युनिव्हर्सिटीत गेले आणि अकाउंटिंगची पदवी घेतली. आता ओळखीतल्या मुलांची कोर्सची आखणी त्यांच्यासोबत बसून बघते, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलेलं आहे.

यूसीत तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा तर ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट मोजायचं माप) लागतात. डी अँझाची पद्धत क्वार्टरची (वर्षात दोनऐवजी तीन छोटी सत्रं), म्हणून तिच्या हिशेबाने ९०. या आकड्यात यूसीला चालणारा कुठलाही कोर्स मोजला जातो, मग तो चित्रकलेचा इतिहास असो की मानसशास्त्र. पण कॉम्प्युटर सायन्सचा विभाग तिचा अर्ज उघडतो तेव्हा तो वेगळंच शोधत असतो: कॅल्क्युलसची पूर्ण मालिका, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, बऱ्याच ठिकाणी फिजिक्ससुद्धा. ९० युनिट भरलेत, सगळे मान्य आहेत, पण फिजिक्स अर्धवट राहिलंय, अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं एकही क्रेडिट बुडालं नव्हतं, तरी मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) त्यांची तयारी अपुरी ठरली.

म्हणून तिला आजच ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर बसवा. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांचे यूसी आणि सीएसयूशी (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीशी) झालेले करार तिथे आहेत. वर्ष, आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की डावीकडे विद्यापीठाचा कोर्स आणि उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा डी अँझाचा कोर्स दिसतो. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असेल तर तो विषय डी अँझात उरकता येत नाही. बर्कलीला काय हवं, डेव्हिसला काय हवं, सॅन डिएगोला काय हवं, हे एकसारखं नसतं. तीन-चार कॅम्पसचे करार शेजारी ठेवून सगळ्यांत येणारे कोर्स आधी घ्यायचे. २०२५ पासून इंग्रजी, संख्याशास्त्र अशा काही कोर्सना राज्यभर समान नंबर मिळू लागले आहेत, त्यामुळे जुन्या यादीतला नंबर सापडला नाही तर गोंधळून जाऊ नका.

आता क्वार्टरची भानगड. हिच्यामुळे मुलं फार अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. डी अँझात कॅल्क्युलस चार भागांत शिकवतात, सेमिस्टरवाल्या कॉलेजात तेच साधारण तीन भागांत. दोन भाग डी अँझात केले आणि उन्हाळ्यात तिसरा फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात उरकला, तर मधला एखादा धडा दोन्हीकडून सुटू शकतो आणि विद्यापीठ मालिका पूर्ण झाली असं मानत नाही. सुरू केलेली मालिका त्याच कॉलेजात संपवणं सर्वांत बरं. फिजिक्सलाही हेच लागू. आणि सेमिस्टरवर चालणाऱ्या बर्कलीकडे गेल्यावर डी अँझाचा ५ युनिटचा कोर्स ३.३३ दिसेल. काही कापलेलं नसतं, क्वार्टरचं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश, एवढंच.

कॅल-गेटसी नावाचा सामान्य शिक्षणाचा संच (पूर्वीचा आयगेटसी) काउन्सेलर सुचवतील. अर्थशास्त्र, इंग्रजी, समाजशास्त्र घेणाऱ्यांसाठी तो उत्तम. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी मात्र आधी मेजरचे कोर्स संपवावेत, असं माझं ठाम मत आहे. इंजिनिअरिंगची काही कॉलेजं तर स्पष्टच सांगतात की हा संच त्यांच्याकडे चालत नाही. मात्र यूसीची किमान अट चुकवू नका: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि इतर क्षेत्रांतले चार असे सात कोर्स लागतातच.

ग्रेडचं म्हणाल तर वरच्या सात कोर्सना ‘सी’ तरी हवाच. प्रवेशासाठी जीपीए (ग्रेडची सरासरी) बघतात, पण एकदा आत गेल्यावर यूसीचा जीपीए नव्याने सुरू होतो. शाळेत एपी परीक्षा (कॉलेज बोर्ड ही संस्था घेते त्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा) दिल्या असतील तर ते गुण डी अँझाकडे आहेत म्हणून आपोआप पुढे जात नाहीत, यूसीला कॉलेज बोर्डाकडून वेगळे पाठवावे लागतात.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ‘टॅग’ देतात, म्हणजे अटी पुऱ्या केल्या की प्रवेशाची हमी. त्याचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा आणि तो एकाच कॅम्पसला करता येतो. कॉम्प्युटर सायन्स बऱ्याच ठिकाणी या हमीतून वगळलेलं असतं, म्हणून त्या वर्षीचा तक्ता बघूनच ठरवा. सर्वसाधारण अर्ज ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरच्या सुमारापर्यंत भरतात.

दोन वर्षं वाया जातात म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी काय सांगते, तेही लिहिते. इथल्या रहिवाशाला डी अँझात क्वार्टर युनिटला ३१ डॉलर फी पडते. यूसीची वर्षाची फी १४ हजार डॉलरच्या पुढे. पदवी मिळते ती यूसीचीच, तिथेच चार वर्षं शिकलेल्या मुलांना मिळते तीच. आणि पहिली दोन वर्षं लहान वर्गात शिकून, नाव ओळखणाऱ्या प्राध्यापकांना शंका विचारत पाया पक्का झालेली मुलं तिसऱ्या वर्षी मागे पडतात, असं मला तरी दिसलेलं नाही. मुलीला या बोलण्याचा त्रास होत असेल तर ती घरी बोलत नसली तरी तुम्ही तिच्या बाजूने बोला. या वयात ते फार मोलाचं असतं.

अर्जानंतर जानेवारीत शरद क्वार्टरच्या ग्रेड भरायच्या असतात, तो ईमेल दुर्लक्षित राहू देऊ नका. प्रवेश मिळाल्यावर १ जुलैपर्यंत ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रिका) पाठवायची, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात एकच कोर्स केला असला तरी त्या कॉलेजचीसुद्धा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला तिला आतापासून सांगा, कारण करारात नसलेला कोर्स मान्य करून घ्यायचा झाला तर विभाग तोच मागतो. यूएससीसारखं खासगी विद्यापीठ किंवा राज्याबाहेरचं डोक्यात असेल तर असिस्टवर ते सापडणार नाही. तिथली यादी त्या विद्यापीठाकडूनच मागवा, आणि तीही कोर्स घेण्याआधी.