आरोग्य कराचे पैसे नेमके कशाला?

प्रश्न : आमच्या गावात 600 घरे आहेत आणि घरपट्टीच्या पावतीवर दरवर्षी ‘आरोग्य कर 30 रुपये’ लागतो. उपकेंद्रात नर्सबाई येतात, पण नळाला पाणी नाही आणि विजेचे बिल थकलेले. या करातून डॉक्टर ठेवता येईल का? कर वाढवावा का?
— ग्रामपंचायत सदस्या, ता. आटपाडी, जि. सांगली

उत्तर : ताई, आधी हिशेब मांडू. 600 घरांचे 18,000 रुपये होतात. वसुली 70 टक्के धरली तर हातात 12,600, म्हणजे महिन्याला हजारभर. यात डॉक्टर बसत नाही. शिवाय नाव आरोग्य कर असले, तरी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये हा उपकर सार्वजनिक शौचालये आणि केरकचऱ्याची विल्हेवाट यांसाठी सांगितला आहे. तो तिथेच खर्च करा.

उपकेंद्रासाठी घरपट्टीतून जमणारा गावनिधी वापरा. वैद्यकीय मदत, माता-बालसंगोपन ही कामे ग्रामसूचीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत, आहेतच. नळजोडणी, टाकी, वायरिंग, दाराची कडी अशी एकदाच करायची कामे आधी घ्या. विजेच्या बिलाला लगेच हात घालू नका. ते कोणत्या निधीतून भरायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा. एकच बिल दोन्हीकडून पडले की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला. औषधे तर गावनिधीतून घेऊच नयेत, ती प्राथमिक आरोग्य केंद्राकडून येतात. स्वउत्पन्नातील 10 टक्के महिला व बालकल्याणाला आणि 5 टक्के दिव्यांगांना राखीव असतात. हे पैसे मार्चअखेर घाईने वस्तू वाटण्यात जातात, याचे वाईट वाटते. किशोरी आणि गरोदर बायांच्या रक्ततपासणीचे शिबिर त्यातून बसते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा.

सगळे घोडे अडते ते अंदाजपत्रकात. ‘सार्वजनिक आरोग्य’ हा स्वतंत्र शीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) आणि त्यापुढे रक्कम नसेल, तर दिवाबत्तीचे आणि पंपाचे बिल सगळे खाऊन टाकते. म्हणून अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी सभेत ठराव मांडा, आणि दर तीन महिन्यांनी नमुना 5 ची रोकड वही उघडून किती खर्च पडला ते बघा.

कराचा दर नियमातल्या मर्यादेत वाढवता येतो. ठराव करून, नोटीस लावून हरकती घ्याव्या लागतात. पण आधी नमुना 8, म्हणजे घरांच्या कर आकारणीची वही, हातात घेऊन गल्लीने फिरा. पत्र्याच्या जागी स्लॅब पडलेला असतो, वरचा मजला चढलेला असतो, रस्त्याकडेला गाळे आणि मोबाइल टॉवर उभे असतात, आणि वहीत मात्र जुनेच ‘दगडमातीचे घर’. एवढ्या नोंदी दुरुस्त केल्या तरी दर न वाढवता कराची मागणी वाढते. थकबाकीची सुरुवात सदस्यांपासून करा: बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास कलम 14 खाली सदस्यत्व जाऊ शकते.

प्रश्न : टीसीएल (ब्लीचिंग पावडर) रोज टाकतो, तरी पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळा रंग येत नाही. पैसे पाण्यात जातात का?
— पाणीपुरवठा कर्मचारी, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : बहुधा पावडर मेली आहे. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो; पोते उघडे राहिले, ओल लागली की तो उडतो, आणि पाटणच्या पावसाळ्यात तर झपाट्याने. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नका. पोते लाकडी फळीवर, तोंड बांधून, कोरड्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. वर्षाचा साठा एकदम घेऊ नका.

ताज्या पावडरीचे प्रमाण 1,000 लिटरला 5 ग्रॅम. 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. टाकी दिवसाला दोनदा भरत असेल तर अर्धा किलो, म्हणजे वर्षाला साधारण 183 किलो. हा खर्च पाणीपट्टीत धरा. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने पाणी सोडा.

टाकीखाली रंग येतो पण शेवटच्या नळाला येत नाही, असे असेल तर पावडर वाढवून भागणार नाही. गटारातून गेलेली नळी आणि व्हॉल्व्हचा खड्डा बघा. पाणी बंद झाले की रिकामी होणारी नळी सांध्यातल्या फटीतून खड्ड्यातले घाण पाणी ओढून घेते, आणि गॅस्ट्रोची साथ तिथूनच सुरू होते. आधी तो सांधा बदला.